लिनक्सवर पायथनची स्क्रिप्ट फाइल बनवत नाहीये? आधी पाथ बघा, मग परमिशन

ठाणे-नवी मुंबईत कुठल्याही सोसायटीत एखाद्या पोराला किंवा पोरीला पायथन येतं असं कळलं की मेंटेनन्सच्या पावत्यांचं काम त्यांच्याकडे येतंच. काम तसं छोटं असतं, सीएसव्हीमधून फ्लॅट नंबर, नाव, रक्कम वाचायची आणि प्रत्येक फ्लॅटची वेगळी पावती बनवून एका फोल्डरमध्ये टाकायची, बस. पण घरच्या लॅपटॉपवर नुकतंच उबुंटू नाहीतर मिंट टाकलेलं असतं, स्क्रिप्ट चालवली की स्क्रीनभर एरर येते, आणि तिकडून सेक्रेटरी काकांचा फोन, झाल्या का रे पावत्या. हे सगळं त्या पोरापोरींसाठी लिहितोय. उदाहरणं सगळी पावत्यांचीच घेतलीत, म्हणजे डोक्यात एकच चित्र राहील.

कमांड इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टर्मिनलमध्ये इंग्रजी स्मॉल अक्षरात टाइप करा, आणि जिथे हायफन, स्लॅश, टिल्ड असं लिहिलंय तिथे ते चिन्ह टाका.

माझं म्हणणं एकच आहे. फाइल बनत नसेल तर सुडो (रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या नावाने कमांड चालवायची सोय) टाइप करायच्या आधी, परमिशनला हात लावायच्या आधी, स्क्रिप्ट नक्की कुठल्या पाथवर, म्हणजे पत्त्यावर, फाइल बनवायला गेली होती ते डोळ्यांनी बघा. नवीन लोकांचा गोंधळ जास्त करून तिथेच असतो, आणि सुडोने तो सुटत नाही, उलट दोन दिवसांनी वेगळाच गोंधळ समोर येतो, त्याबद्दल खाली सांगतो.

पहिलं काम, एररची शेवटची ओळ वाचा. पायथनची एरर वरून खाली मोठी दिसते पण कामाची ओळ सगळ्यात खालची. तिच्यात तीन गोष्टी असतात: एररचा प्रकार, म्हणजे फाइल नॉट फाउंड एरर, परमिशन एरर वगैरे, मग चौकटी कंसात एररनो आणि एक नंबर, आणि शेवटी अवतरणात तो पाथ. हा नंबर पायथनचा नाही, लिनक्सच्या कर्नलकडून, म्हणजे त्याच्या गाभ्याकडून, आलेला असतो, त्यामुळे सी मध्ये लिहा नाहीतर पायथनमध्ये, लिनक्सवर २ म्हणजे अशी फाइल किंवा फोल्डर नाही आणि १३ म्हणजे परवानगी नाही, हे बदलत नाही. बाकी नेहमी भेटणारे: १७ म्हणजे त्या नावाची फाइल आधीच आहे, २० म्हणजे ज्याला तुम्ही फोल्डर समजताय ते फोल्डर नाहीये, २१ म्हणजे ज्याला फाइल समजताय तो फोल्डर आहे, २८ म्हणजे डिस्कवर जागा नाही, ३० म्हणजे ती डिस्क फक्त वाचायला उघडलीये, ३६ म्हणजे नाव फार लांब. पाठ करायची गरज नाही, पण कोणाला मदत मागताना "एरर येतेय" एवढंच न सांगता ही पूर्ण ओळ द्या, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आणि ही ओळ दिसतच नसेल, स्क्रिप्ट गपचूप संपत असेल, तर कोडमध्ये एक्सेप्ट लिहून त्याखाली नुसतं पास लिहिलंय का ते शोधा. युट्यूबवरून उचललेल्या कोडमध्ये हे भरपूर असतं. ते काढून टाका. एरर दाबली म्हणजे एरर गेली असं नाही, फक्त तुम्हाला कळायचं बंद झालं, आणि ४८ फ्लॅटपैकी ५ पावत्या गायब आहेत हे मग त्या फ्लॅटवाल्यांकडून कळतं.

दुसरं काम, पाथ छापा. ओपनच्या बरोबर वरच्या ओळीत प्रिंट टाका आणि त्यात दोन गोष्टी छापा. एक म्हणजे ओएस डॉट गेट सीडब्ल्यूडी, स्क्रिप्ट आत्ता कुठल्या फोल्डरमध्ये उभी आहे ते. दुसरं म्हणजे तुमचा पाथ, पण नुसता नाही, रेपर फंक्शनमध्ये घालून, आर ई पी आर. रेपर का, तर त्याने लपलेल्या गोष्टी दिसतात. सीएसव्हीऐवजी साध्या टेक्स्ट फाइलमधून ओळी वाचल्या असतील तर फ्लॅट नंबरच्या शेवटी नवीन ओळीचं चिन्ह चिकटलेलं असतं, कोणीतरी एक्सेलमध्ये नावानंतर स्पेस दिलेली असते, साध्या प्रिंटमध्ये हे दिसत नाही आणि रेपरमध्ये लगेच दिसतं. उपाय सोपा, वाचल्यावर स्ट्रिप करा.

आता गेट सीडब्ल्यूडी का छापायचं ते नीट समजून घ्या, कारण इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. तुम्ही पाथ नुसता "पावत्या स्लॅश जून डॉट टीएक्सटी" असा दिला, पुढे स्लॅश नाही, तर तो स्क्रिप्ट जिथे ठेवलीये तिथून मोजला जात नाही, तुम्ही स्क्रिप्ट जिथून चालवली तिथून मोजला जातो. स्क्रिप्ट डॉक्युमेंट्समध्ये आहे आणि तुम्ही टर्मिनल उघडून होममधूनच, म्हणजे तुमच्या युजरच्या मुख्य फोल्डरमधूनच, तिचा पूर्ण पाथ देऊन चालवली तर पायथन होममध्ये पावत्या फोल्डर शोधणार. एडिटरमधून चालवली की बऱ्याचदा एडिटरने उघडलेला फोल्डर. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालायला, लावली की तुमचा होम. सिस्टिमडीची (मागे आपोआप चालणारे प्रोग्राम सांभाळतो तो) सिस्टिम सर्व्हिस बनवली आणि वर्किंग डिरेक्टरी दिली नाही तर थेट रूट फोल्डर, म्हणजे नुसता स्लॅश. म्हणून "माझ्याकडे हाताने चालते आणि क्रॉनमध्ये चालत नाही" हे इतक्या वेळा ऐकू येतं.

यावर कायमचा इलाज म्हणजे स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तिचा स्वतःचा पत्ता काढून ठेवायचा. पाथलिबमधून पाथ (यातला पी कॅपिटल) इम्पोर्ट करा, पाथच्या कंसात डबल अंडरस्कोर फाइल डबल अंडरस्कोर द्या, पुढे डॉट रिझॉल्व्ह कंस, पुढे डॉट पेरेंट, आणि हे बेस नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. मग सगळे पाथ बेसला जोडून बनवा. स्क्रिप्ट कुठूनही चालवा, फाइल तिच्या शेजारीच बनणार.

एरर आली नाही पण फाइलही सापडत नाही, असं झालं तर ती बनलीये, फक्त दुसरीकडे बनलीये. टर्मिनलमध्ये फाइंड टिल्ड, स्पेस, हायफन टाइप एफ, स्पेस, हायफन एममिन, स्पेस, हायफन १० असं टाका, गेल्या दहा मिनिटांत तुमच्या होममध्ये बदललेल्या सगळ्या फाइल्स येतील. ब्राउझरच्या बऱ्याच दिसतील, त्यात तुमचीही असेल. विंडोजवरून आणलेला कोड असेल तर अजून एक बघा: लिनक्सला बॅकस्लॅश म्हणजे फोल्डरची खूण वाटत नाही, ते नावातलं साधं अक्षर आहे, त्यामुळे पावत्या बॅकस्लॅश जून असं अख्खं नाव असलेली एकच फाइल बनते, एरर न देता.

आता नंबर २, म्हणजे फाइल नॉट फाउंड. नवीन माणूस इथे चक्रावतो, अरे मी फाइल बनवतोय, मग "सापडली नाही" काय म्हणतो हा? गोष्ट अशी की ओपनला डब्ल्यू मोड दिला की फाइल बनते, पण फोल्डर बनत नाही. पाथमधला एक जरी फोल्डर नसला तरी २ नंबर येतो. त्यामुळे आधी फोल्डर बनवा: फोल्डरच्या पाथवर (फाइलच्या नाही) डॉट एमकेडीआयआर, कंसात पेरेंट्स ट्रू आणि एक्झिस्ट ओके ट्रू. पेरेंट्समुळे मधले फोल्डर बनतात, एक्झिस्ट ओकेमुळे फोल्डर आधीच असला तर तक्रार होत नाही.

पण थांबा, हे लिहायच्या आधी छापलेला पाथ परत बघा. आपल्याकडे फ्लॅट नंबर कसे लिहितात? ए/३०२, बी/१०४. मीटरवर तसं, लेटरबॉक्सवर तसं, मग सीएसव्हीतही तसंच. आणि लिनक्समध्ये फाइलच्या नावात स्लॅश चालतच नाही, स्लॅश म्हणजे फोल्डर बदलला. तुम्ही पावती अंडरस्कोर बी/१०४ डॉट टीएक्सटी असं नाव बनवलं की पायथन पावती अंडरस्कोर बी नावाचा फोल्डर शोधतो आणि त्यात १०४ डॉट टीएक्सटी बनवायला जातो. फोल्डर नाही, म्हणून २ नंबर. तारखेचंही तेच, ०५/०६/२०२५ अशी तारीख नावात घातली की दोन फोल्डर आत गेलात. आता अशा पाथवर डोळे झाकून पेरेंट्स ट्रू लावलं तर एरर जाईल, हो, पण विंगप्रमाणे आणि तारखेप्रमाणे फोल्डरांचं जंगल तयार होईल आणि काकांना पावती सापडणार नाही. एरर घालवणं आणि काम बरोबर होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लॅट नंबरमधला स्लॅश रिप्लेसने हायफन करा, तारीख २०२५-०६-०५ अशी वर्ष-महिना-दिवस लिहा. त्याचा आणखी फायदा म्हणजे फोल्डरमध्ये नावाने लावलं की पावत्या आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात.

२ नंबरची अजून दोन कारणं पटकन. टिल्ड, म्हणजे होमसाठी वापरतो ते चिन्ह, ते टर्मिनलला कळतं, पायथनच्या ओपनला कळत नाही, तो खरंच टिल्ड नावाचा फोल्डर शोधतो. पाथवर डॉट एक्सपांड युजर कंस लावा. आणि कॅपिटल-स्मॉल: लिनक्सला डॉक्युमेंट्स कॅपिटल डी आणि स्मॉल डी हे दोन वेगळे फोल्डर आहेत, विंडोजची सवय असेल तर हे हमखास चुकतं.

नंबर १३, परमिशन डिनाइड. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. नवीन फाइल बनवायला परवानगी लागते ती फोल्डरची, कारण फाइल तर अजून जन्मालाच आली नाही. फोल्डरवर तुम्हाला राइट (डब्ल्यू, आत काही बनवायची परवानगी) आणि एक्झिक्यूट (एक्स, आत शिरायची परवानगी) दोन्ही हवेत, आणि वरच्या प्रत्येक फोल्डरवर निदान एक्झिक्यूट हवा. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर घराची चावी असून उपयोग नाही, मेन गेट आणि लिफ्टही उघडायला हवी. कुठलं गेट बंद आहे हे बघायला मस्त कमांड आहे, फार लोकांना माहीत नसते: नेमआय, स्पेस, हायफन एल, आणि पुढे पूर्ण पाथ. ती स्लॅशपासून शेवटपर्यंत एकेक फोल्डर ओळीने दाखवते, कोणाच्या मालकीचा, कुठल्या परवानग्या, सगळं. ज्या फोल्डरमध्ये फाइल बनवायचीये त्याच्या ओळीत मालक म्हणून रूट दिसेल आणि तुमच्यासाठी डब्ल्यू नसेल, किंवा वरच्या कुठल्याही ओळीत तुमच्यासाठी एक्स नसेल, तिथे तुमचा अडथळा.

तो रूट तिथे आला कुठून? नव्वद टक्के वेळा असं म्हणत नाही पण बऱ्याचदा कोणीतरी आधी एकदा सुडो पायथन३ करून स्क्रिप्ट चालवलेली असते. त्या वेळी पावत्या फोल्डर बनला तो रूटच्या नावावर. दुसऱ्या दिवशी तुम्ही साध्या युजरने चालवली की १३ नंबर. मग परत सुडो, परत अजून फाइल्स रूटच्या. शिवाय आजच्या उबुंटूवर सुडोने चालवलं की होम म्हणजे रूटचा होम होतो, त्यामुळे एक्सपांड युजर केलेला पाथ तुमच्या घरी नाही, स्लॅश रूटमध्ये जातो. हे चक्र तोडायला सुडो एकदाच वापरा, मालकी परत घ्यायला: सुडो, सीएच ओन, हायफन कॅपिटल आर, तुमचं युजरनेम, फोल्डरचा पाथ. पाथ टाइप करताना घाई करू नका, चुकून नुसत्या स्लॅशवर ही कमांड गेली तर अख्ख्या सिस्टिमची मालकी बदलेल.

आणि कृपया सीएचमॉड ७७७ करू नका. इंटरनेटवर प्रत्येक दुसरं उत्तर तेच असतं, काम लगेच होतं म्हणून आवडतं. पण ७७७ म्हणजे त्या मशिनवरच्या कुठल्याही युजरला, कुठल्याही प्रोग्रामला तिथलं काहीही वाचायची, बदलायची, उडवायची मुभा. तुमच्या फोल्डरमध्ये लोकांची नावं आहेत, फोन नंबर आहेत, कोणाची किती थकबाकी आहे ते आहे, शेजाऱ्यांनी विश्वासाने दिलेली माहिती आहे ती. मालकी तुमची केली तर ७०० (फक्त मालकाला मुभा) पुरतं, कमिटीतल्या दुसऱ्या युजरलाही हवं असेल तर ग्रुप बनवा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावावर करा आणि ७७० (मालक आणि ग्रुपला मुभा) द्या, आणि ग्रुपमध्ये घातल्यावर त्याला एकदा लॉगआउट करून परत लॉगइन करायला सांगा, तोपर्यंत नवीन ग्रुप लागू होत नाही.

एक विचित्र केस सांगतो. स्लॅश टीएमपी मध्ये तुम्ही आधी फाइल बनवली, नंतर तीच फाइल सुडोने चालवलेली स्क्रिप्ट डब्ल्यू मोडने उघडायला गेली, तर रूट असूनही १३ नंबर येऊ शकतो. कर्नलमध्ये प्रोटेक्टेड रेग्युलर नावाची एक सेटिंग आहे, टीएमपीसारख्या सगळ्यांच्या फोल्डरमध्ये दुसऱ्याच्या फाइलवर लिहायला ती अडवते, सुरक्षेसाठीच आहे. सेटिंग बंद करू नका, टेम्पफाइल मॉड्यूल वापरा, ते दरवेळी नवीन नावाने फाइल बनवतं.

२८ आला की डीएफ हायफन एच टाका, जागा दिसेल. जागा भरपूर दिसतेय आणि तरी २८ येतोय तर डीएफ हायफन आय, कारण डिस्कवर किती फाइल्स बनू शकतात याचीही मर्यादा असते, प्रत्येक फाइलला आयनोड नावाची एक नोंद लागते, आणि लाखो बारक्या फाइल्सनी आयनोड संपतात. ३० आला तर जास्त करून विंडोजची पार्टिशन असते, विंडोज पूर्ण बंद न होता फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपलेलं असतं, म्हणून लिनक्स ती फक्त वाचायला उघडतो. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, नीट शटडाउन करा, मग या. जबरदस्तीने राइट मोडमध्ये माउंट करू नका, डेटा जायचा. काकांच्या पेनड्राइव्हवर थेट लिहीत असाल तर नावात कोलन नको, १०:३० अशी वेळ लिनक्सच्या डिस्कवर चालते पण फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर एररनो २२, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट येतो.

३६ बद्दल मात्र जरा सविस्तर, कारण हा मराठीत काम करणाऱ्यांना जास्त भेटतो. लिनक्सच्या बहुतेक फाइलसिस्टिममध्ये, ईएक्सटी४ मध्ये सुद्धा, एका नावाची मर्यादा २५५ आहे, पण २५५ अक्षरं नाही, २५५ बाइट. इंग्रजी अक्षर १ बाइटचं, देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर ३ बाइटचं, प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे ३. म्हणजे सगळं धरून ८५ चिन्हं, संपलं. आता बघा, "को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी लिमिटेड" एवढ्यालाच बरोबर १०० बाइट लागतात. त्याच्या आधी सोसायटीचं नाव, नंतर सेक्टर, नेरूळ, नवी मुंबई, मग फ्लॅटधारकाचं वडिलांसकट पूर्ण नाव आणि "मेंटेनन्स पावती", २५५ कधीच मागे पडले. लेन फंक्शन तुम्हाला फसवेल, ते चिन्हं मोजतं. बाइट मोजायला नावावर आधी डॉट एनकोड कंस करा आणि मग लेन लावा. नाव मधूनच कापू नका, जोडाक्षर तुटतं आणि दोन सारख्या नावांच्या पावत्या एकमेकींवर पडतात. माझं मत स्पष्ट आहे, फाइलच्या नावात फक्त महिना आणि फ्लॅट नंबर ठेवा, बाकी सगळं मराठीत आत पावतीवर लिहा, तिथे कितीही लांब चालतं. आत मराठी लिहिताना ओपनमध्ये एनकोडिंग यूटीएफ-८ स्वतःहून द्या, मशिनच्या सेटिंगवर सोडू नका.

फाइल बनली पण रिकामी आहे, हा वेगळा प्रकार. डब्ल्यू मोडने उघडताक्षणी फाइल शून्य होते, लिहिणं नंतर. मध्ये कुठेही एरर आली तर जुनी पावतीही गेली आणि नवीनही नाही. त्यात क्लोज केलं नसेल तर लिहिलेलं काही वेळ मेमरीतच थांबतं, म्हणून नेहमी विथ ओपन लिहा. पावत्यांसारख्या कामाला तर मी डब्ल्यू ऐवजी एक्स मोड वापरा असंच सांगेन, पायथन ३.३ पासून आहे तो. त्या नावाची फाइल आधीच असेल तर तो १७ नंबर देऊन थांबतो, जुनीवर लिहीत नाही. पैशांच्या कागदावर चुकून दुसरं लिहिलं जाण्यापेक्षा स्क्रिप्ट थांबलेली कधीही चांगली. मुद्दाम बदलायचीच असेल तर आधी टेम्प नावाने त्याच फोल्डरमध्ये पूर्ण लिहा आणि मग ओएस डॉट रिप्लेस करा, एका झटक्यात अदलाबदल होते, अर्धवट फाइल कोणाला दिसत नाही.

क्रॉनमध्ये लावलं असेल तर वरचं सगळं लागू, फक्त एरर स्क्रीनवर दिसत नाही. ओळीच्या शेवटी दोन ग्रेटर दॅन, लॉग फाइलचा पूर्ण पाथ, आणि मग २, ग्रेटर दॅन, अँड, १ असं जोडा, म्हणजे एररसकट सगळं लॉगमध्ये जाईल.

एवढं करूनही उलगडत नसेल तर एसट्रेस नावाचं टूल इन्स्टॉल करा आणि स्क्रिप्ट तिच्यातून चालवा: एसट्रेस, हायफन एफ, हायफन ई, ट्रेस बरोबर ओपनॅट, हायफन ओ, एका लॉग फाइलचं नाव, आणि मग नेहमीसारखं पायथन३ आणि स्क्रिप्ट. पायथनने कर्नलकडे मागितलेली प्रत्येक फाइल त्या लॉगमध्ये येते, आधी पाथ (मराठी अक्षरांच्या जागी बॅकस्लॅश आणि आकडे दिसतील), पुढे निकाल. सुरुवातीला ई नो ईएनटी अशा ढीगभर ओळी दिसतील, पायथन आपली मॉड्यूल्स शोधत असतो, त्या सोडून द्या. शेवटून वर वाचत या आणि ओ, अंडरस्कोर, सी आर ई ए टी (सगळं कॅपिटल, शेवटी ई नाही) हा शब्द असलेली ओळ शोधा, फाइल बनवायचा प्रयत्न तीच, आणि तिच्या शेवटी वजा १ पुढे जे नाव लिहिलंय ते तुमचं कारण.